मुलांसाठी ठेवलेले बारा दगड

आजचं वाचन : यहोशवा ४:१-७ आणि २०-२४
सोबत वाचावं : निर्गम १२:२४-२७, मार्क १०:१३-२२



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. व्हीबीएससाठी, संडे स्कूलसाठी कुणाकडे काही छान साहित्य आहे का? मग पीडीएफ येतात, रंगवायची चित्रं येतात, अ‍ॅक्शन साँग्जच्या लिंक येतात. कागदी प्लेटपासून योनाचा मासा कसा बनवायचा, त्याचा व्हिडिओ कुणीतरी टाकतं. या सगळ्यामागे एक काळजी असते. मुलं कंटाळली तर? आणि कंटाळून पुढे मंडळीत यायचीच बंद झाली तर?

ही काळजी खोटी नाही. घरात लहान मूल असलेल्या प्रत्येक विश्वासी आईबापाला ती कधी ना कधी रात्री जागं ठेवते. पण आजचं वाचन या काळजीला एक प्रश्न विचारतं, आणि तो जरा टोचणारा आहे. मुलाचं लक्ष धरून ठेवणं आणि मुलाच्या हाती विश्वास देणं, या दोन गोष्टी एकच आहेत का? आणि हेतू चांगला असला, तरी लहान मुलाचं लक्ष मिळेल त्या मार्गाने धरून ठेवणं योग्य आहे का?

दगडावर काहीच लिहिलेलं नव्हतं

यार्देन नदी कापणीच्या दिवसांत काठ सोडून वाहत होती, असं तिसऱ्या अध्यायात लिहिलं आहे. अशा पुरात देवाने वाट केली आणि सगळं इस्राएल कोरड्या जमिनीवरून पलीकडे गेलं. त्यानंतर यहोशवाने प्रत्येक वंशातून एक असे बारा माणसं निवडली आणि त्यांना पात्राच्या मधोमध परत पाठवलं. जिथे याजकांचे पाय टेकले होते, तिथून प्रत्येकाने एकेक धोंडा खांद्यावर उचलून आणायचा होता. हे बारा धोंडे पुढे गिलगालात उभे केले गेले.

हे कशासाठी, तेही शास्त्र तिथेच सांगतं, आणि एकदा नव्हे तर एकाच अध्यायात दोनदा. पुढे कधीतरी मुलं हे धोंडे बघतील आणि ते काय आहेत म्हणून विचारतील. मग मोठ्यांनी त्यांना नदीची हकीकत सांगायची.

म्हणजे लहान मुलांसाठी मुद्दाम तयार केलेलं हे शैक्षणिक साहित्यच आहे! पण कसलं? नदीतले साधे धोंडे. त्यांच्यावर चित्र काढल्याचा किंवा अक्षर कोरल्याचा उल्लेख नाही. लिहायचं ठरवलं असतं तर यहोशवाला ते अवघड नव्हतं. याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एबाल डोंगरावर त्याने दगडांवर नियमशास्त्र लिहिलं आहे. गिलगालच्या दगडांवर मात्र तसं काही केल्याचं शास्त्र सांगत नाही. ते नुसतेच उभे आहेत.

मला वाटतं, या दगडांची सगळी ताकद त्यांच्या मुकेपणात आहे. दगड उत्तर देत नाही, म्हणून मुलाला प्रश्न पडतो. दगड बोलत नाही, म्हणून बाजूला कुणीतरी बोलणारं माणूस लागतं. आणि त्या माणसाला सांगायला काहीतरी असावं लागतं, म्हणजे त्याने ती नदी पार केलेली असावी लागते. नाहीतर निदान ज्याने पार केली त्याच्याकडून नीट ऐकलेलं असावं लागतं.

मुलांसाठीच्या कोणत्याही साधनाला लावायची परीक्षा मला इथे सापडते. या साधनामुळे मूल विचारू लागतं का? आणि उत्तर द्यायला मोठ्या माणसाला तिथे थांबावं लागतं का?

वल्हांडणाचं ताट

हा योगायोग एकट्या यहोशवाच्या पुस्तकात असता तर मी इतका जोर दिला नसता. पण निर्गम १२ मध्ये वल्हांडणाचा विधी सांगतानाही हेच आहे : मुलं याचा अर्थ विचारतील, तेव्हा सांगा. निर्गम १३ मध्ये पुन्हा तेच. अनुवाद ६ मध्ये पुन्हा तेच. घरात बसताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना मुलांशी बोलत राहा ही आज्ञा ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायाच्या शेवटी मुलाचा प्रश्न आहे. देवाला जणू मुलाच्या तोंडून प्रश्नच ऐकायचा आहे.

यहुदी लोकांनी हे किती मनावर घेतलं ते बघण्यासारखं आहे. वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या टेबलावर घरातलं लहान मूल प्रश्न विचारतं : ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? तालमूदमध्ये असं आहे की रब्बी अकीबा त्या सणाला मुलांना भाजलेलं धान्य आणि सुकामेवा वाटत असत. का? मुलं झोपून जाऊ नयेत आणि त्यांनी प्रश्न विचारावेत म्हणून. जेवणाआधीच टेबल उचलून बाजूला न्यायची रीतही तिथे सांगितली आहे, तीही मुलांना नवल वाटून त्यांनी काहीतरी विचारावं म्हणून.

आपल्या मराठी माणसांना हे परकं वाटायचं कारण नाही. कोकणातले बेने इस्राएल लोक घरी मराठीच बोलत आले. १८७४ साली पुण्यात त्यांच्यासाठी वल्हांडणाच्या विधीचं पुस्तक, म्हणजे हग्गादा, हिब्रू आणि मराठीत चित्रांसह छापलं गेलं. त्या मुलाचा प्रश्न आपल्या भाषेत दीडशे वर्षांपूर्वी छापून झाला आहे!

रब्बी अकीबांच्या सुकामेव्यापाशी मी जरा थांबतो. तिथे मुलांना खाऊ आहे, म्हणजे आमिष आहे असं कुणी म्हणेल. पण खाऊचं काम काय? मुलाला जागं ठेवणं. त्यापुढचं काम खाऊ करत नाही, मूल करतं. मुलाला जागं करणारा खाऊ वेगळा आणि मुलाला गुंगवून ठेवणारा खाऊ वेगळा. दोन्हींची चव तीच असेल, पण परिणाम उलटा आहे.

आकड्यांना काय दिसतं

मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे, म्हणून एवढं सांगू शकतो. वापरणाऱ्याला अ‍ॅपमध्ये कसं धरून ठेवायचं, हे आमच्या क्षेत्रात एक शास्त्रच आहे. एक व्हिडिओ संपायच्या आत पुढचा सुरू होतो, कारण मध्ये क्षणभर शांतता मिळाली तर माणूस उठून जातो. सलग किती दिवस आलात त्याचा आकडा वाढत जातो, कारण तो तुटेल या भीतीनेच माणूस परत येतो. तारे, बॅज, उघडायच्या पेट्या. किती जण आले, किती वेळ थांबले, उद्या परत आले का, हे सगळं मोजता येतं.

मोजता येत नाही ते एवढंच : मूल योनाच्या गोष्टीसाठी परत आलं, की ताऱ्यांसाठी?

आणि बघा, पुढचा व्हिडिओ आपोआप लागतो ती वेळ म्हणजेच मुलाने तोंड वर करून काहीतरी विचारायची वेळ. योनाला माशाच्या पोटात श्वास कसा घेता आला? देव निनवेच्या लोकांवर रागावला होता, मग त्याने त्यांना का सोडलं? हे प्रश्न गोष्ट संपल्यानंतरच्या रिकाम्या मिनिटात येतात. ते मिनिट भरून टाकलं तर मूल शांत बसतं, आईबाबांना स्वयंपाकाला, ऑफिसच्या कॉलला वेळ मिळतो, आणि आपल्याला वाटतं की मूल वचनात वाढतंय.

दमलेल्या आईबापांवर बोट ठेवायला मी हे लिहीत नाही. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात अर्धा तास उसंत मिळणं ही देवाची देणगीच वाटते. गोष्टीचा व्हिडिओ लावणं पाप नाही. पण दगड मोठ्या माणसाला जवळ बोलावतो आणि असा व्हिडिओ मोठ्या माणसाला खोलीतून मोकळं करतो, हा फरक तरी डोळ्यांसमोर असू द्या.

मग रंग आणि गाणी नकोत का?

कुणी म्हणेल, प्रभू येशूने स्वतः गोष्टी सांगितल्या. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, वाट चुकलेला मुलगा. त्या गोष्टी मन ओढून घेतात. मग आकर्षक असण्यात वाईट काय?

काहीच वाईट नाही. आपल्या भाषेतच याचं मोठं उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेजुइट. त्यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं : जवळजवळ ११,००० ओव्या, आणि त्या मराठीत. लोकांच्या कानाला ओवीची गोडी होती, म्हणून त्यांनी पवित्र शास्त्राची हकीकत ओवीत सांगितली. त्या काळच्या गोव्यात धर्माच्या बाबतीत जबरदस्तीही झाली, हा इतिहास आपण झाकू नये. पण या ग्रंथातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच्या सुरुवातीला ऐकणारा स्वतः मागणी करतो : जुनी पुराणं सोडायची, तर त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काय? मागणी आधी येते आणि कथा मागून.

प्रभूच्या दृष्टान्तांचंही तसंच आहे. ते प्रश्न मिटवत नाहीत. थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे प्रभू सांगत नाही. गोष्ट संपते आणि ऐकणारा विचार करत घरी जातो. आणि प्रभूच्या स्वतःच्या बालपणातला एकच मोठा प्रसंग लूक आपल्याला देतो, त्यात तो बारा वर्षांचा आहे, मंदिरात गुरूंच्या मध्ये बसला आहे, ऐकतो आहे आणि त्यांना प्रश्न विचारतो आहे. देवाचा पुत्र लहानपणी प्रश्न विचारत होता. आपल्या संडे स्कूलमध्ये तो आला असता तर त्याला हात वर करायला वेळ मिळाला असता का?

प्रश्नोत्तरी पाठ करून घ्यायची जुनी पद्धत हीसुद्धा या परीक्षेला लावून बघावी. ल्यूथरने १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरी लिहिली ती घरातल्या कर्त्या माणसाने आपल्या माणसांना शिकवावी म्हणून. तोपर्यंत ती दगडाच्या जवळ आहे. पण जिथे प्रश्नही छापील आणि उत्तरही छापील झालं, तिथे मुलाकडे फक्त पाठांतर उरलं. तेव्हा दोष नुसत्या मोबाइलचा नाही. छापील पुस्तकही मुलाचा प्रश्न गिळू शकतं.

तारवाच्या बाहेरची माणसं

साहित्य मजेदार करताना आणखी एक मोह होतो, तो म्हणजे गोष्ट गुळगुळीत करण्याचा. नोहाचं तारू घ्या. लहान मुलांच्या पुस्तकांत हे चित्र सगळ्यात जास्त असेल : गोल मटोल नाव, खिडकीतून मान काढलेला जिराफ, हसरा नोहा, वर सप्तरंगी धनुष्य. एका रविवारी हे चित्र रंगवता रंगवता एका मुलीने टीचरना विचारलं, बाकीची माणसं कुठे आहेत?

टीचरनी चित्राचं पान उलटलं नाही. त्या म्हणाल्या, ती बुडाली. मग थांबून म्हणाल्या, देवालाही फार दुःख झालं होतं. उत्पत्ती ६:६ मध्ये तेच लिहिलं आहे. मुलीने थोडा वेळ काही केलं नाही. मग तिने निळा खडू घेतला आणि नावेच्या खालचं पाणी रंगवलं, खूप जोर देऊन.

सहा वर्षांच्या मुलीला मरणाची गोष्ट सांगावी का? माझ्या मते ती आपण होऊन अंगावर टाकू नये. वय बघून बोलावं. पण विचारल्यावर खोटं बोलू नये. वयाप्रमाणे कमी सांगणं वेगळं आणि पुढे खोटं ठरेल असं सांगणं वेगळं. आज पहिलीतल्या मुलाला आपण जे सांगतो ते दहावीत त्याला पुसून टाकावं लागेल का, एवढं स्वतःला विचारायचं. पुसावं लागणार असेल, तर त्याच्याबरोबर आणखीही बरंच पुसलं जाईल.

व्हेजीटेल्स ही मालिका अनेक घरांत पाहिली गेली आहे. बोलणारा टोमॅटो, बोलणारी काकडी. १९९३ मध्ये सुरू झालेली ही मालिका फार लोकप्रिय झाली. तिचे एक निर्माते फिल व्हिशर यांनी २०११ मध्ये एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं की आपण बरीच वर्षं मुलांना ख्रिस्ती माणसासारखं वागायला सांगत राहिलो, पण ख्रिस्ती विश्वास शिकवला नाही, हे आपल्या लक्षात आलं. क्षमा करा, प्रेमळ व्हा, वाटून खा. हे सगळं चांगलंच आहे. पण हे शिकायला वधस्तंभ लागत नाही. दावीद आणि गल्याथाच्या गोष्टीतून मुलाने फक्त 'धीट हो' एवढंच घेतलं, तर ज्या दिवशी त्याची गोफण चुकेल त्या दिवशी त्याने काय करायचं?

काळं पान

अजून एक साधन आपल्या ओळखीचं आहे. शब्द नसलेलं पुस्तक, नुसती रंगीत पानं. संडे स्कूलमध्ये कधी ते मण्यांच्या ब्रेसलेटच्या रूपातही येतं. त्याचं मूळ १८६६ मधल्या स्पर्जन यांच्या लंडनमधल्या एका प्रवचनात सापडतं. त्यांनी एका वृद्ध पाळकाची गोष्ट सांगितली. त्याच्याकडे तीन पानांचं पुस्तक होतं : काळं, लाल, पांढरं. आपलं पाप, ख्रिस्ताचं रक्त, आणि धुऊन मिळालेली शुद्धता आठवावी म्हणून तो म्हातारा माणूस ती पानं स्वतः बघत बसे. पुढे त्यात सोनेरी आणि हिरवा रंग आला आणि ते जगभर मुलांना शिकवायचं साधन झालं.

यातला मला आवडणारा भाग हा, की ते पुस्तक आधी एका मोठ्या माणसाचं होतं. म्हातारा माणूस रिकाम्या पानाकडे टक लावून का बघतो, हे कोणत्याही नातवाने विचारलंच असतं. तो खरा यार्देनेचा दगड होता.

पण याच पुस्तकाने आपल्याला एक सावधगिरीही शिकवावी. आपल्या घरांत मुलीच्या रंगावरून अजूनही बोललं जातं. लग्नाच्या जाहिरातीत गोरी लिहिलं जातं. अशा ठिकाणी काळं म्हणजे पाप आणि पांढरं म्हणजे शुद्ध असं सांगून टीचर पुढच्या पानावर गेल्या, आणि एखादी सावळी मुलगी आपल्या हाताकडे बघत राहिली, तर ती काय शिकली? तिने विचारलं तर बरं. पण ती बहुतेक विचारणार नाही, कारण हा प्रश्न विचारायची लाज वाटते. म्हणून इथे मोठ्यांनी आधी बोललं पाहिजे. अंधार म्हणावं, योहानाच्या पत्रात देवाला प्रकाश म्हटलं आहे ते सांगावं, आणि कातडीचा याच्याशी काही संबंध नाही हे स्पष्ट शब्दांत सांगावं. मत्तय १८:६ मध्ये लहानग्यांना अडखळण आणणाऱ्याविषयी प्रभू जे बोलतो, तसं कठोर तो फार क्वचित बोलला आहे. साहित्य निवडणाऱ्याने ते वचन जवळ ठेवावं.

शेजाऱ्यांची मुलं

आतापर्यंत आपल्या मुलांविषयी बोललो. व्हीबीएसला शेजारची मुलंही येतात, गाण्यांसाठी, खेळांसाठी, शेवटच्या दिवशी मिळणाऱ्या बक्षिसासाठी. त्यांनी यावं, ही मंडळी त्यांचीही आहे. पण इथे प्रश्न जास्त नाजूक होतो.

आपल्या राज्यघटनेच्या कलम २८ मधलं तिसरं पोटकलम शिक्षणसंस्थांपुरतं सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला कुणालाही त्याच्या संमतीशिवाय बसवता येणार नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकाची हवी. व्हीबीएस ही शाळा नव्हे. पण त्या कायद्यामागचं शहाणपण आपल्याला परकं नसावं, कारण मत्तय ७:१२ तेच मागतं. दुसऱ्यांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण वागायचं. माझ्या मुलाला कुणी खाऊ देऊन, मला न सांगता, त्यांच्या धर्माची शिकवण दिली तर मला चालेल का? चालणार नाही. मग मीही शेजारच्या आईला आधी सांगायला हवं की आमच्याकडे येशूच्या गोष्टी सांगतात, गाणी म्हणतात, प्रार्थना करतात, तुमची हरकत नसेल तर पाठवा. तिने नाही म्हटलं तर संध्याकाळी ते मूल आमच्या अंगणात क्रिकेट खेळायला तितकंच हक्काने येईल.

असं केलं तर संख्या कमी होईल, असं कुणी म्हणेल. होईलही. पण जी सुवार्ता आईपासून लपवून मुलाला द्यावी लागते, ती सुवार्ता कशी?

जाऊ देणारा प्रभू

मार्कचा दहावा अध्याय मी मुद्दाम सोबत दिला आहे. तिथे दोन प्रसंग लागोपाठ येतात. आधी लोक मुलांना आणतात, शिष्य दटावतात, प्रभू रागावतो, मुलांना जवळ घेतो, त्यांच्यावर हात ठेवतो आणि आशीर्वाद देतो. या प्रसंगात प्रभूने मुलांना एकही पाठ दिलेला नाही. फक्त जवळ घेतलं.

लगेच पुढे एक श्रीमंत माणूस धावत येतो. त्याच्याकडे प्रश्न आहे, आणि चांगला प्रश्न आहे. प्रभू त्याच्याकडे बघतो, त्याच्यावर प्रीती करतो आणि खरं उत्तर देतो. उत्तर जड जातं. तो खिन्न होऊन निघून जातो. आणि प्रभू त्याला जाऊ देतो. मागे धावून अट कमी करत नाही.

हे दोन प्रसंग एकत्र वाचले की मला आपल्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. ज्या मुलाला आज आपण मांडीवर घेतो, ते उद्या मोठं होऊन प्रभूसमोर स्वतःच्या पायांवर उभं राहणार आहे. तिथे त्याला हो किंवा नाही म्हणायची मोकळीक देव देतो. देव जी मोकळीक देतो ती आपण बालपणीच काढून घ्यायची का? मुलाला पकडून ठेवणारी साधनं त्याच्याकडून आज हो म्हणवून घेतील. पण ज्याला कधी प्रश्न विचारता आला नाही, त्याचं हो त्याचं स्वतःचं नसतं.

जोखीम आहे. प्रश्न विचारणारं मूल एक दिवस निघूनही जाऊ शकतं. ती जोखीम देवाने घेतली आहे. आपण देवापेक्षा जास्त सावध होऊ नये.

आपल्या घरातले धोंडे

मग करायचं काय? मला वाटतं, विकत आणायच्या आधी घरात काय आहे ते बघावं. प्रभुभोजनाच्या रविवारी बाकावर बसलेलं लहान मूल बघतं की भाकर आणि प्याला आपल्यापुढून जातो. ते विचारतं, मला का नाही? गप्प बस म्हणण्याऐवजी घरी जाताना त्याच्याशी बोलता येईल. आजीचं पवित्र शास्त्र असेल, त्यात पेन्सिलने खुणा केलेल्या असतील. या ओळीखाली रेघ का मारली, हे मुलाला आजीलाच विचारू द्या, आजी आहे तोवर. कापणीच्या सणाला आपण पहिलं फळ मंडळीत का नेतो? नाताळात खिडकीत तारा का लावतो? पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे कब्रस्तानात मेणबत्ती का लावतो? हे सगळे आपल्या आधीच्या लोकांनी खांद्यावर वाहून आणलेले धोंडे आहेत.

आणि व्हिडिओ लावलाच, तर शेजारी बसावं, संपल्यावर बंद करावा, आणि ते रिकामं मिनिट रिकामंच राहू द्यावं. मूल काही विचारेल. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. एलीला देवाची हाक ऐकू आली नव्हती, ती शमुवेलाला आली. एलीचं काम एवढंच होतं की मूल धावत येईल तेव्हा तिथे असावं, आणि पुन्हा हाक आली तर काय म्हणायचं ते सांगावं. तीनदा झोपमोड झाली तरी!

शेवटी एक गोष्ट उरते, आणि ती सगळ्यात अवघड आहे. दगड तेव्हाच कामाचा, जेव्हा सांगणाऱ्याकडे नदीची हकीकत असते. कधी कधी आपण साहित्य शोधत राहतो, कारण आपल्याकडे स्वतःचं सांगायला काही आहे की नाही, याची आपल्याला खात्री नसते. मुलाने उद्या विचारलं, बाबा, देवाने तुमच्यासाठी काय केलं, तर त्या उत्तराची पीडीएफ कुठेच मिळणार नाही.

आज थोडा वेळ काढून एवढंच लिहून बघा : माझी यार्देन कोणती होती? दोन-तीन वाक्यं पुरेत. ती वाक्यं हाच आपल्या घरातला पहिला धोंडा.

प्रार्थना : हे प्रेमळ देवबापा, तू आमच्या लेकरांना आमच्या आधी ओळखतोस. त्यांचे प्रश्न ऐकायला आम्हाला वेळ दे, आणि खरं बोलायला धीर दे. आम्ही त्यांना बांधून ठेवू नये, आणि एकटंही सोडू नये. तू आमच्यासाठी जे केलंस ते आम्हाला आठवू दे, म्हणजे आमच्याकडे त्यांना सांगायला काहीतरी असेल. येशूच्या नावात मागतो. आमेन.